ताईंना आणायची गाडी

“दार जरा वर उचलून ओढा, मग लागतं,” असं म्हणत गाडीच्या मालकांनी ते स्वतःच दोनदा आपटून दाखवलं. तिसऱ्या खेपेला लागलं.

घड्याळजीनं कान टवकारले. दाराच्या पत्र्याआड काहीतरी सुटं होऊन पडल्याचा आवाज त्यानं बरोबर टिपला होता. पण त्याच्या बायकोचं दाराकडे लक्षच नव्हतं. ती पलीकडच्या बाजूला, मागच्या सीटकडे पाठ करून उभी राहिली होती. एक हात छताच्या कडेला, दुसरा कमरेवर. मग तोंड वेडंवाकडं करत, “आई गं” म्हणत ती हळूच सीटवर टेकली आणि दोन्ही पाय जुळवून एकदम आत घेतले.

“बाईंना काही होतंय का?” मालक घाबरले.

“मला काही होत नाहीये. मी ताई झालेय,” ती आतूनच म्हणाली. “अहो, बघितलंत का? सीट कशी बेताच्या उंचीची आहे. तिला पाय उचलायलाच नको. नुसतं टेकायचं आणि फिरायचं! हीच घेऊ या.”

“अगं, इंजिन तरी बघू दे.”

“ते तुम्ही बघा. माझं बघून झालं.”

घड्याळजीनं किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा खोकली, पुन्हा गप्प. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर एकदाची सुरू झाली ती सगळं अंगण काळ्या धुरानं भरून टाकत. “सकाळच्या वेळी जरा कुरकुर करते,” मालक म्हणाले. उन्हं तेव्हा उतरायला लागली होती. कित्येक वर्षं गाडी झाडाखाली उभी होती, हे टपावरच्या डागांवरून आंधळ्यालाही कळलं असतं. पण किंमत इतकी कमी होती की घासाघीस करायची घड्याळजीलाच लाज वाटली.

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ही नुकती चालायला लागलेली आणि ताई शाळकरी पोर. त्या पोरीनं शाळा सोडून हिला जे कडेवर घेतलं, ते हिचं लग्न लावून दिल्यावरच खाली ठेवलं. त्यात स्वतःचं लग्न राहूनच गेलं. आता ताई दूर, डोंगरावरच्या गावात एकट्या राहायच्या. पडून खुबा मोडला होता, तो जुळला पण नीट जुळला नाही. बसची उंच पायरी त्यांना चढवत नसे आणि आगगाडी काही तिकडे जात नव्हती. इकडे मूलबाळ नसलेल्या या दोघांनी ताईंसाठी एक खोली रिकामी करून, रंगवून ठेवली होती. “यायचं तर फार आहे गं बारके,” ताई फोनवर म्हणायच्या, “पण पंख कुठून आणू?”

म्हणून ही गाडी. त्या संध्याकाळी फोन लावला तेव्हा घड्याळजीनं बायकोच्या हातून तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.

“ताई, गाडी घेतली. थंडी पडायच्या आत तुम्हाला न्यायला येतो. माझा शब्द!”

“तुमचा शब्द म्हणजे काय घड्याळजी, बोलायलाच नको,” ताई तिकडून म्हणाल्या. “मी बांधाबांधीला लागते.”

घड्याळजीच्या शब्दाला खरंच वजन होतं. बाजाराच्या कोपऱ्यावर, जिन्याखालच्या जागेत त्याचं दुकान होतं. एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं, एवढंच. पण त्याच्या हातून गेलेलं घड्याळ परत दुरुस्तीला आलंय, असं कुणी पाहिलं नव्हतं. त्याची रीतच तशी होती. कुणी नुसती काच बसवायला आलं तरी हा बाबा अख्खं घड्याळ उघडणार. चाकनचाक पेट्रोलमध्ये धुणार, चिमट्यानं जागच्या जागी बसवणार, सुईच्या टोकानं तेल देणार. बरं, एवढं करून देईल तर शपथ! मग ते घड्याळ समोरच्या खिळ्यावर टांगायचं आणि आठवडाभर नजरेखाली ठेवायचं. “अहो, माझी नुसती काच होती!” गिऱ्हाईक कळवळायचं. “अर्धवट काम माझ्या हातून जात नाही,” भिंग डोळ्यावरून न काढता घड्याळजी सांगायचा. गिऱ्हाइकं चरफडत जायची आणि पुढच्या वेळी परत त्याच्याकडेच यायची. तोवर दुसऱ्या कुणालातरी वेळ विचारून त्यांचं भागायचं.

गाडी मात्र त्यानं आधी रीतसर नाक्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीनं खालून, वरून बघितलं, एक चक्कर मारली आणि हात पुसत आला.

“क्लच प्लेट बदलतो, रेडिएटरचं भोक बुजवतो. परवा घेऊन जा आणि खुशाल जाऊन या.”

“आणि तो आवाज?”

“कुठला? इथे दहा आवाज आहेत.”

“तेच म्हणतोय मी.”

“अहो घड्याळजी, म्हातारी गाडी आहे, कण्हणारच. कण्हत जाईल, कण्हत येईल. पण येईल, हे मी लिहून देतो.”

“मिस्त्री, वाजतंय म्हणजे कुठेतरी झिजतंय. ऐन घाटात बंद पडली म्हणजे? म्हातारं माणूस घेऊन रस्त्यात बसू?”

“पडली तर मला फोन करा, मी येतो. पण उघडायच्या भरीला पडू नका. एकदा उघडलं की त्याला अंत नसतो.”

घड्याळजी हसला. उघडायचं आणि जोडायचं, हे तर त्याचं रोजचंच काम. क्लच प्लेट तेवढी त्यानं बदलून घेतली, रेडिएटर बुजवून घेतला आणि गाडी घरी आणून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली. त्या दिवशी तो तसाच घाटाच्या रस्त्याला लागला असता तर? हा प्रश्न पुढे त्याच्या मानगुटीवर बसला तो कायमचाच. पण तेव्हा त्याच्या मनाला तो शिवलासुद्धा नाही.

आधी त्यानं दार उघडलं. दारातून सुटा बोल्ट निघाला. तो बोल्ट बघून त्याला हुरूप आला आणि त्यानं दुसरं दार उघडलं. मग सायलेन्सर उतरवला. मग इंजिन. दुकान बंद करून आला की शेडमध्ये. सुट्टीच्या दिवशी तर जेवायलाही हाका माराव्या लागत. बिस्किटांचे रिकामे डबे आणले गेले, एकात पुढचे स्क्रू, एकात मागचे, एकात नटबोल्ट. जुन्या चादरीवर पिस्टन, रिंगा, दांडे ओळीनं मांडले गेले. खरं सांगायचं तर घड्याळजीला मजा येत होती. सगळा जन्म भिंगातून बघण्यात घालवलेल्या माणसाला पहिल्यांदाच दोन्ही हातांनी उचलावे लागतील असे भाग मिळाले होते. बायको चहा घेऊन यायची, पिंपावर बसायची आणि कौतुकानं बघायची. तिलाही सुरुवातीला बरंच वाटत होतं.

थंडी पडली.

“मी सगळं बांधून बसलेय हो,” ताई फोनवर म्हणाल्या.

“ताई, एक गॅस्केट तेवढं यायचंय. ते आलं की निघालोच.”

“असू दे, असू दे. गाडी कुठल्या रंगाची घेतलीत?”

“निळी.”

“छान. बारकीला निळा फार आवडतो.” मग बायकोशी दोन शब्द झाले, हवापाण्याचं झालं आणि ताईंनी विचारलं, “काय गं, गाडी कुठल्या रंगाची घेतलीत?” फोन ठेवायच्या आधी तिसऱ्यांदाही विचारलं.

बायको फोन ठेवून तशीच उभी राहिली. “अहो, तिचं काहीतरी बिनसलंय.”

“वय झालं. तू नाही का परवा दूध गॅसवर ठेवून विसरलीस?”

“मला थट्टा नको. आपण भाड्याची गाडी करून तिला घेऊन येऊ. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

“घरात गाडी असताना भाड्याची?”

“घरात गाडी कुठे आहे?” बायको फणकाऱ्यानं म्हणाली. “घरात डबे आहेत!”

हे घड्याळजीला झोंबलं. रात्री तो ताटात बघूनच जेवला. शेवटी तीच म्हणाली, “बरं बाई, तुमच्याच गाडीनं आणू. आता तोंड सरळ करा.” नवरा रुसला की आपणच पडतं घ्यायचं, ही तिची लग्नापासूनची सवय. त्या दिवशी आपण चांगलं कडाकडा भांडायला हवं होतं, असं नंतर ती कितीतरी वेळा म्हणाली. ती तसं म्हणाली की घड्याळजीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण भांडायची पाळी तिच्यावर यायलाच नको होती.

मग एके दिवशी ताईंच्या शेजारणीचा फोन आला. ताई भल्या पहाटे कोट घालून, पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या सापडल्या होत्या. हातपाय गारठलेले. घरी चला म्हटलं तर म्हणाल्या, आमची गाडी यायचीय.

बायको मिळेल त्या बसनं तशीच गेली. चार दिवस राहून आली ती पार उतरलेल्या चेहऱ्यानं.

“ओळखलं ना तुला?” घड्याळजीनं दारातच विचारलं.

“ओळखलं. सकाळी छान गप्पा मारते. संध्याकाळ झाली की मला आई म्हणायला लागते.” तिनं पदरानं डोळे पुसले. “डॉक्टर म्हणतात, हे उतरणीचं दुखणं आहे. आज जेवढं आहे तेवढं उद्या असेलच असं नाही. अहो, ती मला ओळखते आहे तोवर मला तिला इथे आणायची आहे. एवढं एकच करा माझ्यासाठी.”

आता मात्र घड्याळजी हादरला. त्यानं दुकानाला टाळं लावलं आणि रात्रीचा दिवस करून गाडी जोडायला घेतली. डबे एकेक करून रिकामे व्हायला लागले. जिथे अडेल तिथे मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीनंही ‘मी सांगत होतो’ असं एकदाही म्हटलं नाही, मुकाट्यानं इंजिन चढवायला हात दिला. आणि एका सकाळी घड्याळजीनं किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. खोकणं नाही, धूर नाही. मिस्त्रीनं बॉनेटला कान लावला.

“मानलं बुवा,” तो म्हणाला. “चालू आहे की बंद, ते हात लावून बघावं लागतंय.”

बायको कोट घालून, पाण्याची बाटली घेऊन दारात येऊन उभीच होती. “चला.”

घड्याळजीनं गाडीभोवती एक चक्कर मारली. एका चाकापाशी वाकला, उठला. आणि त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “आठवडाभर नजरेखाली राहू दे. मग निघू.”

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिनं कोट काढून ठेवला. तिनं भांडण काढलं नाही याचं त्या क्षणी घड्याळजीला बरंच वाटलं. आठवडाभर तो रोज सकाळी बाजाराला वळसा घालून यायचा, गाडी उभी करून कान देऊन ऐकायचा. गाडीत काहीही निघालं नाही. निघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

निघाले त्या दिवशी आकाश निरभ्र होतं. घाट आला तशी गाडी न कुरकुरता चढायला लागली. एकेक वळण मागे पडत होतं आणि घड्याळजीची छाती फुगत होती. त्या चढणीवर तो मनातून अगदी खूश होता. पुढे ते आठवलं की त्याला स्वतःची शिसारी यायची.

ताई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, अंगावर कोट, पायाशी पिशवी.

“या,” त्या अदबीनं म्हणाल्या. “कोण हवंय आपल्याला?”

बायको धावत जाऊन त्यांच्या गुडघ्यांपाशी बसली. “ताई, मी बारकी.”

ताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “बारकी शाळेत गेलीय. येईलच एवढ्यात. तुम्ही बसा ना.”

शेजारीण घड्याळजीला बाजूला घेऊन गेली. “मागच्या आठवड्यात चांगल्या होत्या हो,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “दोन दिवस तर अगदी पहिल्यासारख्या. तुम्हा दोघांची आठवण काढत होत्या, तुमच्या लग्नातल्या गमती सांगून मला हसवत होत्या. म्हणाल्या, माझं डोकं ताळ्यावर आहे तोवर ते आले तर बरं होईल. मी फोन करणार होते, तर मलाच दटावलं. म्हणाल्या, नको, त्यांचं गाडीचं काम चाललंय, त्यांना घाई करायची नाही. आणि मग परवा सकाळी उठल्या त्या अशाच.”

घड्याळजी ऐकत उभा राहिला. मागच्या आठवड्यात गाडी अगदी तयार होती. हे त्यानं शेजारणीला सांगितलं नाही.

ऊन छान पडलं होतं. फिरून येऊ या म्हटल्यावर ताई हसत उठल्या आणि गाडीत बसायला त्यांना जराही त्रास झाला नाही. बायको त्यांच्याशेजारी मागे बसली. शेजारणीनं पिशवी ठेवली, डोळे टिपले आणि हात हलवला.

“गाडी फार छान आहे हो तुमची,” गाव मागे पडल्यावर ताई पुढे वाकून घड्याळजीला म्हणाल्या. “आवाजसुद्धा येत नाही.”

“हो, बाई,” घड्याळजी म्हणाला. ‘ताई’ म्हणायचं धाडस त्याला झालं नाही. गाडी खडखडली असती, धूर ओकत, दार दोरीनं बांधून आली असती, पण थंडीच्या आधी आली असती, तर याच ताईंनी दारातूनच आपली किती खेचली असती, हे त्याला आता लख्ख दिसत होतं. समोरचा रस्ता मात्र धूसर झाला. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

दोन वळणं गेली असतील. ताई चुळबुळायला लागल्या. “आपण कुठे चाललोय?”

“आमच्या घरी, ताई. खोली रंगवून ठेवलीय तुझी.”

“नको, नको. थांबवा गाडी. थांबवा म्हणते ना!” त्या दाराशी झटापट करायला लागल्या. घड्याळजीनं घाईघाईनं गाडी कडेला घेतली. “मला घरी सोडा. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान यायचेत मला न्यायला. गाडी घेऊन यायचेत. मी घरात दिसले नाही तर बिचारे दारातून परत जातील.”

“ताई, अगं, हेच ते,” बायको त्यांचा हात धरून म्हणाली. “बघ तरी. घड्याळजीच आहेत हे.”

ताईंनी त्याच्याकडे निरखून बघितलं. घड्याळजीनं मागे वळून आपला चेहरा त्यांच्यासमोर धरला, अगदी उजेडात. चेहरा जराही हलू नये म्हणून त्यानं सीटची पाठ घट्ट पकडली होती.

“नाही हो,” त्या शेवटी म्हणाल्या. मग त्याला वाईट वाटलं असेल असं त्यांना वाटलं की काय कोण जाणे, आवाज मऊ करून म्हणाल्या, “तुम्ही राग मानू नका. तुम्हीही भले दिसता. पण मी त्यांना कबूल केलंय. त्यांच्याबरोबरच जायचं आहे मला.”

घड्याळजीनं गाडी वळवली.

बायकोनं अडवलं नाही. घराशी आल्यावर तिनं ताईंना उतरवलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. आज ना उद्या त्यांना समजावून, फसवून खाली न्यावं लागणारच होतं. पण ते आत्ता नको, एवढं दोघांनाही न बोलता कळलं.

“तुम्ही उभे का?” ताई घड्याळजीला म्हणाल्या. “दमला असाल. बसा पायरीवर. तेवढीच मला सोबत होईल.”

तो त्यांच्या पायाशी पायरीवर बसला. बायको चौकटीला टेकून उभी राहिली. खाली रस्त्यावरून एखादी गाडी जायची, तिचा आवाज आला की ताई खुर्चीच्या हातांवर भार देऊन अर्ध्या उठायच्या आणि गाडी पुढे निघून गेली की परत बसायच्या.

“उशीर झाला त्यांना,” घड्याळजी म्हणाला. “फारच उशीर केला, बाई.”

“काहीतरी अडचण आली असेल,” ताई म्हणाल्या. “येतील हो. शब्दाचे पक्के आहेत ते.”

पुन्हा लांबून एक गाडी चढ चढत असल्याचा आवाज आला. चांगली खडखडत, धापा टाकत येत होती. ताई उठायला लागल्या. घड्याळजी पटकन उभा राहिला, त्यांच्या दंडाला आधार दिला आणि त्यांच्याबरोबर रस्त्याच्या वळणाकडे बघत राहिला.